धूरदान

देवरुखच्या स्मशानातल्या धुराड्यातून आता धूर बाहेर पडत नसे. तो खालच्या खाली टाकीत साठे आणि त्यापासून दवाखान्यासाठी सलाइनच्या पिशव्या बनत. जसं नेत्रदान, देहदान, तसंच हे धूरदान. गावाला त्याचा भारी अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

वामनराव ताम्हनकरांनी तर जिवंतपणीच धूरदान जाहीर करून टाकलं होतं. पण शेवटच्या दुखण्यात त्यांनी बायकोकडून, कमलिनीबाईंकडून, आणखी एक शब्द घेतला: मेल्यावर तरी मला श्रीधरपासून लांब ठेव. वडिलांच्या औषधांच्या दुकानावरून हे दोघे भाऊ चाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. श्रीधर परवा गेला आणि आज वामनराव.

दाहिनी पेटण्याआधी कमलिनीबाईंनी डॉ. स्वरूपा चौगुलेला गाठलं. ही यंत्रणा तिनेच उभारली होती. टाकीत दोघांचा धूर मावतो, ती भरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही आणि श्रीधरचा धूर अजून आतच आहे, असं तिने सांगितलं. दोघांचं वेगवेगळं नाही का करता येणार, त्यांनी विचारलं.

स्वरूपाने त्यांना काचेमागचा काळा पत्रा दाखवला. कार्बनच्या जाळीवर चांदीचे आणि तांब्याचे कण, म्हणून हा मिश्र उत्प्रेरक. सगळं घडवून आणायचं, पण स्वतः खर्च व्हायचं नाही. वीज सोडली की चांदी धुरातल्या कार्बन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन काढून घेते आणि उरलेलं शेजारच्या तांब्याच्या हवाली करते. तांबं पाण्यातला हायड्रोजन घेऊन दोन-दोन कार्बन जोडतं. त्या जोडीचा वायू म्हणजे इथिलीन, आणि त्याचंच पुढे प्लॅस्टिक. एकट्या चांदीला जोडणं जमत नाही, एकटं तांबं भलतंच काहीतरी करून बसतं.

"संसारच की गं हा," बाई म्हणाल्या. त्या दुःखातही त्यांना कौतुक वाटल्यावाचून राहिलं नाही.

"पण कुठला कार्बन कुणाचा, हे तांब्याला कळत नाही, काकू. निम्म्या जोड्यांत एक काकांचा असेल, एक त्यांच्या भावाचा. नको असेल तर धुराडं उघडते. धूर जाईल हवेत."

बाईंनी मनाशी हिशेब मांडला. शब्द पाळावा तर ह्यांचं दान वाया जाणार. दान करावं तर शब्द मोडणार. पण ज्या पिशव्यांनी ह्यांना तीन महिने जगवलं, त्याही कुणाच्या तरी होत्याच.

"कर जोडणी," त्या शेवटी म्हणाल्या. "भांडा म्हणावं आता."

संध्याकाळी पत्र्यावर बुडबुडे धरू लागले. बाई ते डोळे भरून पाहत होत्या. निघताना त्या दारात थबकल्या.

"माझी वेळ येईल तेव्हा मला ह्यांच्याशीच जोडशील ना?"

स्वरूपाला खोटं बोलवेना. "नाही, काकू. ही टाकी आज रिकामी होईल. तुमच्या वेळी तिच्यात जे कुणी असतील, त्यांच्याशी."

कमलिनीबाईंनी आजवर श्रीधरचा राग केला होता, कधी कीवही केली होती. आज पहिल्यांदाच त्यांना आपल्या दिराचा हेवा वाटला.