नळीवरचा पोचा

"कुणीतरी माझ्या ऑर्गनचा गळा दाबलाय!" गुन्नार दारातूनच ओरडला.

गुप्तहेर थोरा लिंडक्विस्टने कोट चढवला. तिचा जोडीदार ऑर्विल हातातली कॉफी टाकून कुरकुरत मागे निघाला.

मिनेसोटातल्या खाणीच्या गावातलं चर्च बंद पडलं, तेव्हा तिथला पाइप ऑर्गन कॉलेजने आणला. गुन्नारने वर्षभर खपून तो नव्याने उभा केला. आज दुपारी त्यावर पहिली प्रार्थना होती आणि एक सूर बसका निघत होता.

थोरा ऑर्गनच्या आत शिडी चढली. मागच्या रांगेतल्या शिशाच्या मऊ नळीला पोचा आला होता, करंगळीएवढा. भोवतालचा धातू नव्याने घासलेला होता.

"काल शाळेची पोरं आली होती ना? झालं तर मग!" ऑर्विल म्हणाला.

"आत कशी जातील? कुलूप असतं. किल्ल्या दोनच, माझी आणि आल्माबाईंची," गुन्नार म्हणाला. "जुन्या चर्चमध्ये त्याच वाजवायच्या. आजही त्याच वाजवणार."

"इथे आधीही पोचा होता?" थोराने विचारलं.

"होता की. मीच काढला. असे ढीगभर काढले."

आल्माबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या. थोराने आजचं गीत विचारलं. त्यांनी गुणगुणून दाखवलं. एका ठिकाणी सूर किंचित उतरला.

"गळा गेला म्हातारीचा," ऑर्विल कुजबुजला.

"गळा ठणठणीत आहे," थोरा हळूच म्हणाली. "उतरला तो नेमका त्या नळीचा सूर, वर्षानुवर्षं बसकाच कानात बसलेला. ढीगभर पोच्यांतला हा एकच परत आला, तोही जुन्याच जागी. किल्ली गुन्नारकडेही आहे, पण स्वतःचं काम तो कशाला बिघडवेल? आल्माबाई, कुणाचा होता तो पोचा?"

आल्माबाईंनी किल्ली काढून बाकावर ठेवली.

"माझ्या सिग्नेचा. सात वर्षांची होती. सूर लावताना बापाला नळ्या धरून द्यायची. घट्ट धरायची हो पोर, तिचा अंगठाच रुतला! त्याच हिवाळ्यात तळ्यावरचं बर्फ फुटलं." त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "दर रविवारी तिचा सूर वाजवायचे मी. काल सगळे सूर स्वच्छ आले आणि माझी पोर कुठेच नव्हती. माझा अंगठा मोठा पडला असता, म्हणून करंगळीने दाबलं."

ऑर्विलला हुंदका आला. गुन्नारने हातातलं अवजार खिशात घातलं.

"राहू दे तो पोचा, बाई. मी हात लावणार नाही."

आल्माबाई वाजवायला बसल्या. त्यांनी ती एकच पट्टी दाबली. पुन्हा दाबली. मग हात मांडीवर घेतले.

"ही माझी पोर नव्हे," त्या म्हणाल्या. "सरळ करून टाका, गुन्नार."