आडव्या बाटल्या

बाटली हलकेच उजेडासमोर धरली, तर काचेच्या एकाच बाजूला गाळाची बारीक तपकिरी रेघ दिसत होती. मानेपासून बुडापर्यंत, सरळ. म्हणजे इतकी वर्षं तिला कुणी उभं केलंच नव्हतं. राजवीरनं माझं ऐकलं होतं.

पहिल्यांदा या दुकानात आले ते २००१च्या डिसेंबरात. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. आमच्या विभागप्रमुख समुद्रे मॅडमना नाताळच्या जेवणात घोटभर रेड वाइन लागायची, आणि त्यांचा पाय मोडलेला, म्हणून बाटली आणायला मी. मंगळवार पेठेतल्या या दारूच्या दुकानाच्या पायरीवर मी घुटमळले... तसे गल्ल्यावरून मालक बाळासो ओरडले, "पावणं, सरका की जरा! बाईमाणूस आलंय."

सगळी गर्दी वळून बघायला लागली.

त्यांच्या मुलानं, राजवीरनं, वरच्या फळीवरून बाटली काढली. नाशिककडच्या एका नावाजलेल्या घराण्याच्या द्राक्षमळ्यातली. खोकंभर आणून ठेवलेली, कुणी विचारत नव्हतं.

"उभ्या का ठेवल्यात?" मी म्हटलं. "बूच वाळेल, हवा आत जाईल, आंबेल सगळी. आडव्या ठेवा."

"आडव्या ठेवल्या तर गिऱ्हाईक म्हणंल, दुकान झोपलंय." मग हळूच, "तुम्ही... घेता?"

"नाही. आमच्या घरी पंचशील पाळतात."

"घेत न्हाई, आन् मलाच शिकवता व्हय!"

पुढच्या नाताळाला गेले, तर सगळ्या बाटल्या आडव्या होत्या.

मग दर डिसेंबरात एक. वाइन जुनी होत गेली, भाव मात्र तोच. छापील किमतीच्या वर घ्यायचं नाही, हा बाळासोंचा नियम. राजवीर वर्तमानपत्रात बाटली गुंडाळताना दरवेळी विचारायचा, "कुणासाठी बांधू?" उत्तर ठाऊक असायचं, तरी विचारायचा... आणि मान वर करून माझ्याकडे बघायचा.

एका वर्षी त्यानं लग्नाचंच विचारलं. मी म्हटलं, संघर्षचं, माझ्या भावाचं, शिक्षण होऊ दे. मग त्याची नोकरी. मग आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. कारणं सगळी खरी होती, म्हणूनच तर मी दमले होते. त्यांच्यामागचं कारण कधी बोलले नव्हते. जावई समाजाबाहेरचा आणि त्यातून दारूच्या दुकानाचा, हे आईला सांगायचं कसं?

गेल्या नाताळात समुद्रे मॅडम म्हणाल्या होत्या, "श्रुती, पुढची बाटली त्याच्याबरोबर घेऊन ये. लग्नाच्या कचेरीत साक्षीदाराची सही मी करीन. पण लवकर हं... हात थरथरायला लागलेत माझे."

आज प्रॅक्टिकल परीक्षा आटोपून थेट आले. हातांना अजून ॲसिडचा वास होता. ही शेवटची बाटली. राजवीरचा चेहरा ओढलेला होता.

"रविवारी कोडोलीला पोरगी बघायला जायचंय," तो बाटली माझ्या हातातून घेत म्हणाला. "आईनं ठरवलंय. न्हाई म्हणून म्हणून थकलो मॅडम. ह्या बाटल्यांचं बरं हाय... पडून ऱ्हायल्या की भारी व्हतात. माणूस नुसता आंबतोय."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

त्यानं कागद पसरला. "कुणासाठी बांधू?"

"समुद्रे मॅडमसाठी. तुम्हीही चला. त्यांना सहीला बोलवायचंय."

"काय? मोठ्यानं बोला की, गर्दीत ऐकू यीना."

मी वर्गातसुद्धा आवाज चढवत नाही. पण तो कागद दुमडत होता. दुमडून झाला की बाटली माझ्या हातात येणार, आणि मी नेहमीसारखी पायरी उतरणार...

मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आईला आज घरी गेले की सांगते. कोडोलीला जाऊ नका, राजवीर. मी तुमच्याशी लग्न करणार आहे."