पाचवी सवाष्ण

डोहाळजेवणाला पाच सवाष्णी लागतात, आणि दुपारी ऐन पाट मांडताना अपर्णाचा फोन आला. ऑफिसात अडकले, येणं कॅन्सल.

"चार चालतील गं आई," हिमानी सातव्या महिन्याचं पोट सावरत म्हणाली. "इथे अमेरिकेत, सनीव्हेलमध्ये कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" कमलाबाई कडाडल्या. पोरीचं आधीचं एक गेलेलं. या वेळी त्या कशातही उणं राहू देणार नव्हत्या.

त्यांना बेसमेंटमधला फोटो आठवला. शंभर वर्षांपूर्वी एका जॅमवाल्या साहेबानं हे घर बांधलेलं. जर्दाळूच्या बागा, मागे कारखाना. फोटोत तो आणि त्याची बायको.

"बायको साहेबाच्या आधी गेली म्हणालीस ना? म्हणजे अहेव गेली. तिलाच बसवू."

"काकू, मॅडमला वरण-भात चालेल का?" चौघींतली रेखा हसली.

"गप गं, खिदळू नकोस."

फोटो खुर्चीत ठेवला. काचेवर कुंकू लावलं. ओटीचा नारळ, तांदूळ काचेला टेकवून हिमानीच्या पदरात घातले.

आणि वास आला. साखर कढतानाचा, घट्ट, गोड, किंचित करपलेला. कमलाबाईंनी ओट्यावर जाऊन पाहिलं. गॅस बंद होता.

"आई... पोटावर हात कुणी ठेवला?"

कुणीच नव्हता ठेवला. चौघी आपापल्या पाटावर होत्या. रेखाचं हसू कधीच मावळलं होतं.

जे आधी विचारायचं, ते कमलाबाईंनी आत्ता विचारलं. "ह्या फोटोतल्या बाईला... मुलं किती होती गं?"

"पाच-सहा झाली म्हणे," हिमानी म्हणाली. "एकही वर्षाचं झालं नाही. साहेबानं प्रत्येकाच्या नावानं नवा जॅम काढला. खाली बरण्या आहेत ना, त्याच."

पोरं न जगलेलीच्या हातची ओटी! फोटो उचलून कमलाबाई तरातरा जिना उतरल्या. "चालती हो, भवाने! माझ्या लेकीच्या वाटेला जाऊ नकोस..."

फळीवर बरण्यांची रांग होती. लेबलांवर पोरांची नावं, आत नुसती धूळ. शेवटची तेवढी बिननावाची. सकाळी फोटो बघताना ती त्यांनी हातात घेतली होती. रिकामी होती.

आता ती जॅमनं काठोकाठ भरली होती. त्यांनी बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

बरणी गरम होती.

लेबल मात्र अजून कोरंच होतं. बारसं व्हायचं होतं ना.