सगळ्या सर्कलची ताई

ज्योत्स्ना गावातल्या बुद्धविहारात शिरली तेव्हा तालीम रंगात आली होती. पेटीवर बसलेल्या तरुणानं मान वर न करताच मागची सतरंजी दाखवली.

"उशीर केला तुमी. बसा मांगे, कोरसले."

खरं तर तिनं तिथंच सांगून टाकायला हवं होतं, की बाबा रे, मी कोरसवाली नव्हे, या सर्कलमधल्या दहा गावांनी निवडून दिलेली जिल्हा परिषद सदस्य आहे. पण दारातून हिवाळ्याचं कोवळं ऊन आत आलं होतं, ढोलकी बोलत होती, आणि समोर पार्टीची मुख्य गाणारी, म्हाताऱ्या मनकर्णाआजीचा तो भरदार आवाज... तिचे पाय आपोआप सतरंजीकडे वळले. शेजारणीनं सरकून जागा दिली आणि ज्योत्स्ना गाऊ लागली.

"एवढ्या जोरानं नोका," पेटीवाला म्हणाला. "गानं हाये हे, भाषन नाई."

तिला हसू आवरेना. दोन वर्षांत तिच्याशी असं कुणी बोललंच नव्हतं!

गाडी लावून पिंटू आत आला आणि दारातच थबकला. पिंटू तिचा कार्यकर्ता, म्हणजे सावलीच म्हणा ना. "ताई, तुमी तिथं काहून बसल्या?" त्यानं विचारलं. झालं, ढोलकी थांबली, सगळे उठून उभे राहिले, खुर्ची शोधायला दोघं धावले. पेटीवाला मात्र जागच्या जागी कानापर्यंत लाल झाला. चांदूर रेल्वेहून एक गाणारी येणार होती, तीच वाटली, असं काहीतरी तो चाचरत म्हणाला. त्याचं नाव धम्मदीप. आठवडाभर नांदगाव पेठच्या कापड गिरणीत पाळी करायची आणि सुट्टीला अकोटजवळच्या या आपल्या गावी येऊन भीमगीतांची गायन पार्टी चालवायची, हा त्याचा नेम.

ज्योत्स्नाचाही एक नेम होता. दरवर्षी थंडीत ती सर्कलमधल्या मंडळांचा गुणगौरव करायची. बचत गट, लेझीम पथक, कबड्डीचा संघ, भजनी मंडळ, वाचनालय, कुणीही सुटायचं नाही. पण घरबसल्या शाल द्यायची नाही. आधी त्या मंडळात जाऊन एक संध्याकाळ बसायचं, काम डोळ्यांनी पाहायचं, मगच सत्कार. तिचे वडील धर्मपाल, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, म्हणायचे की पोरीला दहा गावच्या चहाची चव ठाऊक आहे, घरच्या चहाची तेवढी नाही.

परतताना गाडीत पिंटू धुसफुसत होता. "पाह्यलं का ताई? सारे ताई-ताई करून राहिले होते, हा पेटीवाला एकटा नाई म्हनला."

तिनं पाहिलं होतं. निवडून आलेली बाई ताई आणि निवडून आलेला बाप्या भाऊ, हा आपल्याकडचा रिवाजच. पांढऱ्या मिशांचे सरपंचही तिला ताई म्हणत, तिच्या आईच्या वयाच्या बायाही. तिला त्याचा अभिमान होता. पण कधी कधी वाटायचं, आपलं नुसतं नाव आता कुणाला आठवत तरी असेल का...

पुढची भेट अमरावतीच्या बसस्थानकावर झाली. ती विभागीय कार्यालयातली बैठक आटपून आली होती, तो पाळी संपवून. अकोटच्या गाडीत एकच जोडजागा रिकामी होती, ती खिडकीशी बसली. धम्मदीप उभाच राहिला, तेव्हा तिनंच पर्स उचलून मांडीवर घेतली. तो बसला, अगदी कडेला... पडेल की काय असं वाटावं इतका कडेला.

गाडी शहराबाहेर पडली. कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरा कापूस लोंबत होता. त्यानं पिशवीतून संत्रं काढलं. फोडीवरचा एकेक धागा तो इतकं मन लावून काढत होता, की ती बाहेर बघायचं सोडून त्याची बोटंच बघत बसली. अवघ्या गाडीत संत्र्याचा वास दरवळला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुमी मले ताई काहून नाई म्हनत?"

"म्हनतो ना... पुढच्या खेपेले."

"पुढच्या खेपेले काहून? आता म्हना."

त्यानं सोललेली फोड तिच्या हातावर ठेवली. "आता तोंडात संत्रं हाये."

त्याच्या तोंडात काहीही नव्हतं. ती खिडकीकडे वळून हसली. काचेतून त्यालाही ते दिसलं असावं, कारण तो जरा सरकून नीट बसला.

मग गप्पांना बहर आला. पेटी कुणी शिकवली, रात्रपाळीत झोप कशी घालवता, निवडणुकीत भीती वाटली का... अकोट कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. उतरताना तो पायरीवर थांबला. "गावात एकदा शब्द तोंडातून निघाला का त्याचं नातं होते," तो हळूच म्हणाला. "मंग ते मोडता येत नाई. म्हनून नाई म्हनत."

त्या दिवसापासून ज्योत्स्ना हवेतच चालू लागली. रस्त्याच्या खडीबद्दल बोलायला आलेल्या माणसासमोर ती गालात हसे आणि तो बिचारा बुचकळ्यात पडे. तालीम "नीट पाहायला" ती विहारात आणखी दोनदा जाऊन आली. आणि जगाच्या तोंडाला हात कोण लावणार? लोक विचारू लागले, सत्कार पार्टीचा की पेटीवाल्याचा?

हे मात्र तिला लागलं. मनकर्णाआजी जन्मभर लोकांच्या शेतात निंदणखुरपण करून संध्याकाळी गात आली होती. तिच्या गळ्याचा हा पहिलाच सत्कार, आणि तो आपल्यापायी डागाळणार?

तोड पिंटूनं काढली, धर्मपालांनी ती मान्य केली. सत्काराच्या दिवशी धम्मदीपनं भर माइकवर एकदा तिला ताई म्हणायचं, म्हणजे साऱ्यांची तोंडं बंद. पिंटू निरोप घेऊन गेला. धम्मदीप बराच वेळ पेटीच्या पट्ट्या पुसत राहिला आणि मग हो म्हणाला. आजीसाठी, आणि ज्योत्स्नाच्याही नावासाठी. हे सारं ज्योत्स्नाला कळलं ते कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, केसांना फूल लावताना. फूल तिच्या हातातच राहिलं.

दुपारी शाळेचं मैदान माणसांनी फुललं होतं. एकेक मंडळ मंचावर येई, शाल घेई आणि माइकवर दोन शब्द बोले. ताईंनी आमची दखल घेतली, ताई आमच्या गावात येऊन बसल्या... ती हसून हात जोडत होती आणि आत काळीज तुटत होतं. एक शब्द. तो उच्चारला की संपलं. मग त्यानं आयुष्यभर सणावारी घरी यायचं ते भावासारखं.

गायन पार्टी वर आली. मनकर्णाआजीनं शाल पांघरली आणि कुणी न सांगताच एक ओळ गायली. माणसं उभी राहिली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. तो सत्कार कुणाच्या मेहेरबानीचा नव्हता, हे आता कुणाला सांगायची गरज उरली नव्हती.

मग धम्मदीप माइकसमोर आला. तिच्यापासून हाताच्या अंतरावर.

"आपल्या सर्कलच्या सदस्य..." त्यानं खाली पाहिलं. पिंटू खालून मान हलवत होता. "आदरनीय... ज्योत्स्ना..."

तिनं झटकन हात पुढे करून माइक मुठीत झाकला.

"नोका म्हनू," ती पुटपुटली. "सारं सर्कल म्हनते. तुमी नोका म्हनू मले ताई."

झाकला की माइक बंद होतो, असं बिचारीला वाटलं होतं. मैदानाच्या चारही कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून ते शब्द खणखणीत बाहेर पडले आणि शाळेच्या भिंतीवर आपटून परत आले. कबड्डीवाल्यांच्या हातातला चिवडा हातातच राहिला. ज्योत्स्नाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पहिलं हसू फुटलं ते मनकर्णाआजीला, नव्या शालीत तोंड लपवून.

धम्मदीपनं माइकवरची तिची बोटं अलगद सोडवली, आणि सोडवलेली बोटं सोडलीच नाहीत.

"बरं," तो म्हणाला. "नाई म्हनत." मग माइक दूर सारून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "ज्योत्स्ना..."

मागेपुढे काही न लागलेलं, नुसतं नाव. तिचे डोळे भरून आले.

धर्मपाल पहिल्या रांगेतून उठले. ते पायऱ्या चढून वर आले. त्यांनी माइक हातात घेतला, घसा खाकरला.

"पुढचं मंडळ या समोर," ते म्हणाले. खाली वळून बघितलं, पुन्हा खाकरले. "आन् या पोराचे मायबाप आले असन, तर त्यायनं जेवल्याबिगर जाऊ नये. बोलाचं हाये."

मैदानात एकच हशा आणि टाळ्या उसळल्या. लेझीम पथक मंचावर चढलं, शाली पुढे आल्या, नारळ पुढे आले. ज्योत्स्नाचा हात अजून त्याच्याच हातात होता, आणि तो सोडवून घ्यावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.