नकाराचं रोपण

नागपूरच्या त्या मेंदूविज्ञान संस्थेचा तळमजला त्या दिवशी लग्नाच्या मांडवासारखा दिसत होता. पाट, रांगोळ्या, केळीची पानं, जिलब्यांची परात. फक्त जेवायला बसलेल्यांच्या डोक्यांवर संवेदकांच्या जाळीदार टोप्या होत्या. वजन उतरवून ते वर्षानुवर्षं उतरलेलंच ठेवणारी माणसं डॉ. उज्ज्वला पेडणेकरांनी निवडून आणली होती. कुणी रोज वजन करी, कुणी पहाटे चाले, कुणी ताटात एकदाच वाढून घेई. सवयी निरनिराळ्या होत्या, वृत्ती मात्र एकच: आग्रहाला ही माणसं बधत नव्हती.

"या नकाराचं मेंदूत मज्जापेशींचं एक मंडल असतं," त्या सहकारी डॉ. जोगळेकरांना म्हणाल्या. "त्याचा आराखडा टिपायचा आणि दुसऱ्याच्या मेंदूत रुजवायचा. सवयरोपण. एकदा मुरलं की जन्मभर टिकतं."

"काढता येईल?"

"नाही. पण काढायचं कशाला?"

आग्रह खरा हवा म्हणून वाढायला त्या माणसांच्याच आया, मावश्या, आत्या बोलावल्या होत्या. परक्याचा आग्रह मनावर घेतो कोण?

पहिलं रोपण उज्ज्वलाबाईंनी आपल्या मुलीत, मुक्तात केलं. तिला लठ्ठ केलं होतं तेही त्यांनीच, तूप ओतून आणि गळ्याच्या शपथा घालून. मुक्ता बारीक झाली आणि बारीकच राहिली. वेगळं घर घेऊन राहू लागली, भूक लागेल तेवढं जेवू लागली. आईकडे मात्र पाण्याचा घोटही घेईना. बाईंनी त्याला शिस्त म्हटलं. विद्वान माणसांना असं छान नाव चटकन सुचतं.

मग मुक्ताला मज्जातंतूंचा आजार झाला आणि दोन्ही हात लुळे पडले. आईकडे परतणं आलं, भरवणं आलं. आईनं मऊभाताचा चमचा पुढे केला. "खा गं राणी, माझ्यासाठी."

मुक्ताचे ओठ घट्ट मिटले. आई जितकी विनवी तितके ते आवळत.

"मला भूक लागलीय गं, आई," ती रडत म्हणाली. "पण तू खा म्हणालीस की नकोच होतं."

जोगळेकरांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. "आपण जिलबीचा नकार टिपलाच नाही, मॅडम. वाढणारी सगळी मायेची माणसं होती. मंडल मायेलाच नाही म्हणायला शिकलं. जिला मुक्ताचं काही पडलेलं नाही अशी बाई ठेवा."

सुगंधाबाई आल्या. एका हातात चमचा, दुसऱ्यात मोबाइल, डोळे मालिकेवर. मुक्ता पोटभर जेवली. उज्ज्वलाबाई दाराआडून बघत आणि देवाचे आभार मानत. पण रोज कुणाला घास भरवायचा आणि कोरडं राहायचं, हे कुणाला जमतं? एका दुपारी सुगंधाबाई म्हणाल्या, "खाऊन घे ना माय, किती वाळली तू." मुक्ताचं तोंड मिटलं ते मिटलंच.

"माझं काय चुकलं, बाई?"

"तुम्हाला तिची माया लागली," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि त्यांना काढून टाकलं.

पुढचीही तशीच गेली, तिच्या पुढचीही. उज्ज्वलाबाई मुलाखतीत उलट्या काळजाच्या बायका शोधू लागल्या. मुक्ताची हकीकत कळली तशी संस्थेनं रोपणाचा विभाग त्यांच्याकडून काढून घेतला आणि लेखी खुलासा मागितला. रोज नवी बाई, रोज मुक्ताची ओली चादर, रोज तेच रडणं.

एका सकाळी कुणीच आलं नाही. उज्ज्वलाबाईंनी वाटी उचलली. डोकं ठणकत होतं, संस्थेला द्यायचं उत्तर अर्धवट पडलं होतं. कधी सुटायचं यातून, एवढंच मनात होतं.

"उघड तोंड," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

मुक्तानं तोंड उघडलं. एक घास, दुसरा, तिसरा. वाटी संपली तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की चमचा आपल्याच हातात आहे. मुक्ता त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिला आधीच कळलं होतं.

"पोट भरलं, आई," ती हळूच म्हणाली.

उज्ज्वलाबाईंनी रडू येण्याची वाट पाहिली. ते आलं नाही. त्यांनी आणखी भात वाढून घेतला, आणि मुक्तानं तोही खाल्ला.