पंचावन्न अंश

सलोनी घामानं निथळत बसली होती आणि दुकानातला एकुलता एक कुलर सर्व्हरकडे तोंड करून चालू होता. दारात यवतमाळहून आलेला मशीन-दुरुस्तीवाला उभा राहिला.

"कुलर कोणासाठी हाये, मॅडम?"

"मशिनीसाठी."

"आन् तुमच्यासाठी?"

"ओढणी."

तो हसला नाही. पिशवी खाली ठेवली, कुलर दोन्ही हातांनी धरला आणि फिरवला... तिच्याकडे. वाळ्याचा ओला वारा सलोनीच्या तोंडावर आला. मे महिन्यात राळेगावात कुणी आपल्याकडे कुलर फिरवणं ही साधी गोष्ट नाही. एवढ्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेली घरं तिला ठाऊक होती.

"मशीन मरन नं पण—"

"या ओल्या हवेनंच मरून राह्यलं थे. त्याले कोरडी हवा लागते. गार नसली तरी चालते."

सलोनी कामाला होती त्या सदाशिवरावांच्या फोटो स्टुडिओतली ही काळी पेटी म्हणजे तिन्ही कॉम्प्युटरांचं सामाईक कोठार. तालुक्यातली नऊ वर्षांची लग्नं तिच्यात होती. काही बाहेर मोडली होती. पेटीत मात्र सगळी सुखानं नांदत होती.

पियुषनं (नाव त्यानंच सांगितलं, तिनं विचारलं नव्हतं) पेटी उघडली. प्रोसेसरच्या डोक्यावरच्या पातळ पट्ट्यांत समोरच्या जिनिंग कारखान्यातली रुई शिरली होती आणि कुलरच्या ओलाव्यानं तिची घट्ट गादी झाली होती.

"भर उन्हाळ्यात गोधडी पांघरली तुम्ही याले."

त्यानं ब्रशनं रुई काढली, प्रोसेसरवर उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावली, पंखा पुसला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा त्र्याण्णव अंशांवरून अठ्ठ्याहत्तरवर आला.

"अजून जास्तच हाये. आतून काहीतरी घोकून राह्यलं हे."

ते चेहरे घोकत होतं. नऊ वर्षांतला प्रत्येक चेहरा दुसऱ्याशी ताडून पाहायचा आणि एका माणसाचे सगळे फोटो एकत्र लावायचे, हे काम सदाशिवरावांनी हौसेनं चालू करून दिलं होतं. पियुष यादी चाळत गेला... आणि थांबला. पडद्यावर पोपटी साडीतली सलोनी होती. शेजारी एक तरुण, आणि त्याच्या बोटात नवी अंगठी.

आता हा विचारणार. त्याआधीच तिनं सांगून टाकलं.

"साखरपुडा. दोन वर्ष झाले. पंधरा दिवसांनी त्यायनं नाही म्हणून कळवलं. कारण नाही सांगतलं. गावानं सात सांगतले."

पियुषनं माउसवर हात ठेवला.

"पुसून टाकू?"

"नको... आई हाये त्याच्यात. हसून राह्यली. त्याच्यानंतर तशी नाही हसली."

त्यानं मान हलवली. फोटोंना हात लावला नाही. फक्त चेहरे ताडायचं काम बंद केलं. आकडा हळूहळू उतरत एकसष्टवर येऊन बसला.

"आता ठरलेल्या आकड्याच्या वर तापलं की माह्या मोबाइलवर संदेश येईन," असं सांगून तो गेला.

आणि मंगळवारी आला. पुढच्या मंगळवारीही. जून सरेपर्यंत पाच वेळा आला. "परत तापलं," म्हणत पंखा पुसायचा, "आता ठीक हाये," म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा.

"हा सर्व्हर हाये का दमेकरी म्हातारा?" सदाशिवराव म्हणायचे.

मंगळवारी सलोनीच्या कानातले बदलू लागले. पण रात्री आईच्या शेजारी पडण्याआधी ती ते काढून ठेवायची. आई, बेबीताई, काही विचारत नव्हत्या. हल्ली त्या कशालाच काही विचारत नसत. पुन्हा कुणी आलं आणि तसंच मुकाट्यानं निघून गेलं, तर या बाईला ते सोसणार नव्हतं. आणि आपल्याला?

जुलैच्या पहिल्या मंगळवारी, तो यायच्या आधी, तिनं सर्व्हरची सेटिंग उघडून पाहिली.

"हा संदेशाचा आकडा कोणी टाकला?" तो आल्या आल्या तिनं विचारलं.

"मी."

"पंचावन्न. मशीन नुसतं बसून असलं तरी साठावर राह्यते. माहितीपुस्तकात पंच्याऐंशी लिहेल हाये."

"...हाये."

"मंग पंचावन्न काहून?"

पियुष हातातल्या पेचकसाकडे पाहत राहिला. "काळजी म्हणून..."

"मशिनीची?"

त्यानं पेचकस टेबलावर ठेवला.

"कारण सांगा. कारण न सांगता गेलेले पाह्यले मी. कारण न सांगता येणारेही मले चालत नाहीत."

बाहेर एसटी थांबली, माणसं उतरली, एसटी गेली.

"तुमच्यासाठी येतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. त्या दिवसानंतर मशीन एकदाही तापलं नाही. मी खोटं बोललो."

कारण इतकं साधं असू शकतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"हे आईसमोर सांगसान?"

"सांगीन."

"पंचावन्नासकट?"

"पंचावन्नासकट."

तिनं पंचावन्न खोडून पंच्याऐंशी टाकले आणि सेटिंग बंद केली.

"मंग चाला. आई पाच वाजता चहा ठेवते."

तो घाईघाईनं सामान आवरू लागला. ब्रश त्याच्या पिशवीत गेला, पेस्टची नळी गेली. पेचकस मात्र गडबडीत खुर्चीवरच्या सलोनीच्या पिशवीत गेला. ते तिनं पाहिलं, पण त्याला सांगितलं नाही. पिशवी खांद्याला लावली आणि चेन ओढून घेतली.