अंधारात चालेल असा कॅमेरा

मोबाइलच्या दुकानात पाऊल टाकलं, कशाला तरी अडखळले आणि सरळ एका उंच मुलाच्या छातीवर जाऊन आदळले. माझी कॉफी त्याच्या शर्टावर! ओशाळून मी हातांनीच माफी मागितली... आणि त्याचेही हात उठले.

"असू दे. शर्ट दुकानाचा आहे."

बहिरा. आमच्यातलाच! बहिऱ्यांच्या मोठ्या कॉलेजमुळे रॉचेस्टरमध्ये याचं काही अप्रूप नाही, इथे हातांनी बोलणारी माणसं जागोजागी भेटतात. पण इतके देखणे हात मी बघितले नव्हते. त्याने बोटांवर एकेक अक्षर काढून नाव सांगितलं, एमेट. मी ग्रेटा. माझं नाव काढताना माझी बोटं उगीचच घुटमळली.

बफलोला आई असते, तिच्याशी बोलायला फोन हवा, असं मी सांगितलं. मेगापिक्सेलचे मोठे आकडे मनावर घेऊ नकोस, असं तो म्हणाला. आपल्याला पुढचा कॅमेरा रुंद हवा, नाहीतर कोपरापाशीच हात कापले जातात आणि निम्मं बोलणं चौकटीबाहेर पडतं. मग त्याने एकेक फोन टेकवून उभा केला आणि दिव्यापासून लांब, कोपऱ्यात, मला भराभर बोलायला लावलं. ज्यात माझी बोटं एकमेकांत मिसळली, तो फोन बाद. मी काय वाटेल ते बडबडत होते आणि तो फोनपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होता.

"मागचा कॅमेराही चांगला हवा," मी म्हटलं. "अगदी अंधारात चालेल असा."

"का? बँक फोडायचीय?"

"एकटीला नाही जमणार. जोडीदार शोधतेय."

तो हसला. मीही हसले, पण खरं कारण गिळून टाकलं. माझी नजर कडेकडेने मिटत चालली होती. अंधारून आलं की मला काहीच दिसत नसे, आणि काही वर्षांनी भर दिवसाही दिसणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ऐकू तर जन्मापासूनच येत नाही, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण डोळे गेल्यावर माझ्याशी बोलणार कोण आणि कसं? तोवर कॅमेऱ्याच्या डोळ्यांवर दिवस ढकलू, असं मी मनाशी ठरवलं होतं.

एमेट मला मागच्या कोठीत घेऊन गेला. आतला सेन्सर मोठा असला की कमी उजेडही पुरतो, असं सांगून त्याने दिवा मालवला. पडद्यावर खोकी लख्ख दिसू लागली. दाराच्या फटीतून येणाऱ्या अंधुक उजेडात तो आणखी काहीतरी बोलला असणार. मला दिसलं नाही. मी आपली हसून मान डोलावली आणि तोच फोन घेतला.

मग आम्ही भेटू लागलो. नेहमी दुपारी, नेहमी खिडकीपाशी, बटाटे, मॅकरोनी आणि खिमा एकावर एक रचलेली ती आमच्या गावची प्लेट दोघांत घेऊन. त्याच्या वरच्या ओठाला सॉस लागायचा आणि तो मी पुसावा म्हणून हा शहाणा मुद्दाम तसाच बसायचा. एकदाच तो रुसला. बाजारात त्याने बाजूने हात हलवला होता आणि मी ओळख न देता पुढे गेले होते. आमच्यात बोलणाऱ्यावरून नजर काढणं म्हणजे तोंडावर दार लावणं. तंद्रीत होते, अशी थाप मी मारली. कडेचं दिसतच नाही, एवढं एक वाक्य काही हातांतून निघेना... ते कळल्यावर हा राहील का?

डिसेंबरात दिवस लवकर बुडतो. त्या दिवशी गप्पांच्या नादात मला भान राहिलं नाही. बाहेर आलो तर वाहनतळावर लांबचा एकच दिवा; त्याला तेवढा पुरत होता, मला नुसता अंधार. एमेट माझ्यासमोर थांबला. माझे खांदे धरून त्याने मला स्वतःकडे वळवलं आणि तो बोलू लागला... काहीतरी महत्त्वाचं, हे त्याच्या पकडीवरूनच कळलं. मला दिसत होता फक्त काळोख.

मी फोन काढला आणि त्यातून बघू लागले. गाड्या दिसल्या, बर्फ दिसला, एमेटचा कोटही दिसला. आणि हातांच्या जागी नुसता धूर! रात्रीचा फोटो काढताना कॅमेरा उजेड साठवत बसतो. जे स्थिर असेल ते उजळतं आणि जे हलतं ते पुसलं जातं. कोठीत तो हेच सांगत असणार. आणि आता मन उघडं करत असताना त्याला दिसत होतं, की ही फोनमध्ये बघतेय.

पडद्यावरचा धूर थांबला. मग कोटही नाहीसा झाला.

मला रडू फुटलं. मी फोनची विजेरी लावली, फोन समोरच्या गाडीच्या टपावर टेकवला आणि उजेड स्वतःच्या हातांवर घेतला. समोर कोणी आहे की नाही, ते ठाऊक नव्हतं. तरी बोलले.

"एमेट, मला अंधारात दिसत नाही. तुझे हात दिसत नाहीत. डोळे चाललेत माझे, एक दिवस पूर्ण जाणार आहेत. तू मला आवडतोस, म्हणून सांगितलं नाही. आता जायचं तर जा."

बर्फ गालांवर पडत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे... मग दोन गार हात माझ्या हातांखाली शिरले. त्याने माझी बोटं स्वतःच्या बोटांवर ठेवून घेतली आणि अगदी हळू बोलायला सुरुवात केली. पहिल्यांदा नीट कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. मग माझ्या बोटांखाली ते वाक्य उमटलं — "मघाशी म्हणत होतो, माझ्याबरोबर राहशील?"

"कळलं ना तुला मी काय सांगितलं?" मी विचारलं. "ही नजर परत येणार नाही."

त्याने माझी बोटं स्वतःच्या गालावर नेली. तोही रडत असावा. मला ते दिसत नव्हतं आणि पुढे एक दिवस उजेडातही दिसणार नव्हतं.

"मग उद्यापासून अंधारातच भेटू," तो माझ्या बोटांखाली म्हणाला. "असं हातांत बोलणं मला अजून नीट जमत नाही. शिकायला हवं."